इथलं बोलणं काढलं आहे

बापाचं वाक्य पुष्पांजलीनं कापलं, तेव्हा पिहू तिच्या मांडीवर दूध पीत होती. डाव्या हातात लेकीचं डोकं, उजव्या हातात माउस. वाक्याच्या आधी एक खूण, नंतर एक खूण, मधला तुकडा निवडला आणि बटण दाबलं. झालं. पडद्यावरचे बाबूजी आधीच्या वाक्यावरून थेट पुढच्या वाक्यावर आले, मधलं जसं काही कधी बोललेच नव्हते. सांधा दिसू नये म्हणून तिनं त्यावर तलावातली कमळं टाकली. कमळं छान हलत होती.

पिहूनं दूध सोडून आईकडं बघितलं, हसली आणि परत तोंड लावलं.

"अशी बघू नको वं," पुष्पांजली हळूच म्हणाली.

इतक्या वर्षांत तिनं कुणाचं वाक्य असं गुपचूप कापलं नव्हतं. गोंदियाच्या एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंना गाणी जोडायचं काम करायची, तिथून तिची सुरुवात. नवरी रडायला लागली की कोणतं गाणं आणि हार पडला की कोणतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. मग सुट्टीच्या दिवशी स्टुडिओचा कॅमेरा मागून घेऊन ती सालेकशाच्या जंगलात जायला लागली. तेंदूपानांच्या हंगामात बायका पहाटेपासून पानं तोडतात, पुडके बांधतात आणि दुपारी फळीवर, म्हणजे पुडके मोजून वाळत घालतात त्या मोकळ्या मैदानावर, उन्हात ताटकळत बसतात. ना सावली, ना प्यायला पाणी. तिनं तेवढंच दाखवलं. ग्रामसभेत पांढरी चादर बांधून दाखवलं, आणि पुढच्या हंगामात फळीवर मांडव पडला, पाण्याची टाकी आली. त्यानंतर देवरीकडच्या मुलींवर केलं. शाळा सुटायच्या आधीच गावची शेवटची बस निघून जायची, म्हणून त्या शेवटचा तास बुडवायच्या आणि हळूहळू शाळाच सोडायच्या. बसची वेळ बदलली. त्यातली एक मुलगी आता नर्सिंगला आहे आणि दर दिवाळीला फोन करते.

"तुमच्या पिक्चरनं बदल घडला," असं कुणी म्हटलं की पुष्पांजली मान हलवायची. पिक्चरनं काही घडत नाही, हे तिला ठाऊक होतं. पिक्चर संपल्यावर लोक लगेच घरी जात नाहीत, जागेवर बसून राहतात, एकमेकांकडं बघतात. जे काय घडायचं ते तेव्हा घडतं. म्हणून शेवटची पाटी गेली की ती आधी दिवे लावायची आणि मग स्वतः कोपऱ्यात जाऊन गप्प उभी राहायची.

तिचा नियम एकच होता. पिक्चर बाहेर कुठंही जायच्या आधी, त्यात जे बोलले त्यांना दाखवायचा. त्यांनी काढ म्हटलं तर काढायचं. पण काढलं तिथं, बोलणं जेवढं लांब होतं तेवढा वेळ पडदा काळा ठेवायचा आणि त्यावर लिहायचं: "इथलं बोलणं, बोलणाऱ्याच्या सांगण्यावरून काढलं आहे." हा दुसरा अर्धा नियम तिला शामकलानं शिकवला होता. शामकला तेंदूच्या पिक्चरमध्ये भरभरून बोलली. मग नवरा चिडला, तिनं बोलणं काढायला लावलं, आणि पुष्पांजलीनं ते सांधा न दिसता काढून टाकलं. पिक्चर बघून शामकला रडवेली झाली होती. "असं दिसून राहिलं का मी बोललीच नाही," ती म्हणाली होती. "बोलली होती नं मी? काढलं म्हणून तरी सांग बाप्पा लोकायले."

आणि आता कमळं.

हा पिक्चर पिपरबोडीचा होता, तिच्या माहेरचा. तिच्या बाबूजींच्या आज्यानं, म्हणजे आजोबांनी, तिथला तलाव बांधला, आणि आज तलाव समितीचे अध्यक्ष बाबूजी, देवचंद. पावसाळी धान सगळ्यांचं होतं, त्यात भांडण नाही. भांडण उन्हाळी धानाचं. उन्हाळ्यात तलावाचं पाणी साऱ्या शेतांना पुरत नाही, म्हणून दिवाळीनंतर समिती बसते आणि कोणत्या बांध्यांना, म्हणजे भातखाचरांना, पाणी द्यायचं ते ठरवते. दर साली पाणी वरून सुटतं आणि खालटोलीच्या, गावाच्या खालच्या वस्तीच्या, बांध्यांच्या अलीकडंच संपतं. "नहरीला उतार नाही, खाली पाणी पोचतच नाही," असं गाव म्हणायचं. पुष्पांजलीनं लहानपणापासून हेच ऐकलं होतं आणि सूर्य पूर्वेला उगवतो तसं ते मानलं होतं. उन्हाळ्यात खालटोलीतली माणसं कामाला हैदराबादेत, नागपुरात, विटाभट्टीवर असायची. घरांना कुलपं आणि आळीत नुसती कुत्री.

पिक्चर काढायला लावला तो अलकानं. अलका खालटोलीची, यादोरावांची मुलगी, पुष्पांजलीची शाळेपासूनची मैत्रीण. एरवी शिवणकाम करायची आणि शूटिंग असलं की माइकची काठी धरायची, कानाला हेडफोन लावून. "साऱ्या जगाचे पिच्चर काढतं," ती एकदा म्हणाली होती. "आपल्या तलावाचा काऊन नाही काढत? भेव लागते?"

भेव नव्हतं, असं तेव्हा पुष्पांजलीला वाटलं होतं.

बाबूजी पाळीवर उभे राहून ऐटीत बोलले होते. आज्यानं बैलगाड्यांनी माती कशी वाहिली, पाळ कशी दाबली, तलावाचं पाणी सोडायचं तोंड, म्हणजे तुडूम, एकसंध दगडातून कसं घडवलं. मग तिनं सहज विचारलं, "आणि खालटोलीला पाणी का पोचत नाही, बाबूजी?" लेकीनं विचारलं म्हणून ते घरात बोलावं तसं बोलून गेले.

"पोचत नाही असं नाही, बाई. उतार चांगला आहे. माह्या आज्यानं काढलेली नहर, पोचल कशी नाही? आम्हीच पोचू देत नाही. एक साल पोचलं का दुसऱ्या साली हक्क सांगतेत."

काठी अलकाच्या हातात होती. ती जराही हलली नव्हती.

*

अलका गोंदियाला आली ती आवाज तपासायला. पिहूला पायावर घेऊन, झुलवत झुलवत तिनं हेडफोन लावला. पाळीवरचा भाग आला तशी ती झुलवायची थांबली.

"हे कमळं कवाची आली इथं?"

"छान दिसतात म्हणून टाकली."

"हो नं. तुह्या बापाच्या तोंडावर कमळं उगवली, कोणाले छान नाही दिसणार?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, पुष्पांजलीनं जाऊन गॅस बंद केला आणि परत येऊन बसली. अलका तशीच बसली होती.

"आयक पुष्पा. त्या दिवशी ते वाक्य सगळ्यात पह्यले माह्या कानात पडलं. तुह्या आधी. माह्या बाबाची जिंदगी गेली उतार नाही, उतार नाही म्हणता म्हणता. हातपाय थंड पडले माहे. पन काठी हलू नाही देली. म्हटलं, आवाज साफ आला पाह्यजे. आन तू कापून टाकलं?"

"बाप आहे माझा."

"शामकलाचा बी नवराच होता."

"बाबूजींनी काढ म्हटलं नाही अजून."

"मंग त्यायनं म्हणायच्या आधी तू काऊन काढलं? आन पाटी बी नाही लावली. त्यायले तरी इचारायचं होतं." अलकानं पिहूला तिच्या हाती दिलं. "घे, ओली झाली हे. शिवणं पडले माहे घरी."

ती दारापर्यंत गेली आणि चपला घालता घालता थांबली, पण वळली नाही. पुष्पांजलीनं लेकीला कोरडं केलं, खांद्यावर टाकलं आणि उभ्या उभ्याच संगणकाशी आली. कापलेलं परत आणायला कापण्याहूनही कमी वेळ लागतो. कमळं गेली, बाबूजी आले, तोंड भरून बोलले.

"आम्हीच पोचू देत नाही," संगणकातून आवाज आला.

"चहा टाक," दारातून अलका म्हणाली.

*

पुष्पांजली माहेरी आली तेव्हा मंडईला दोन दिवस होते. दिवाळीनंतर एकेका गावाची मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, पाळणे-मिठाईची दुकानं लागतात, गोवारी नाचतात आणि रात्री नाटक असतं. नाटकाच्या आधी, सांजच्याला, पुष्पांजलीचा पिक्चर दाखवायचं सरपंच रीताताईंनी ठरवलं होतं. 'आपल्या तलावाचा गौरवशाली इतिहास' असं पोस्टरवर त्यांनीच छापून टाकलं होतं, कुणाला न विचारता.

सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, बाबूजी चष्मा पुसून लॅपटॉपसमोर बसले. आई, शांतीबाई, पिठाच्या हातानं दारात उभी राहिली. पिहू बाबूजींच्या मांडीवर. आज्याचा भाग आला तेव्हा बाबूजींचा ऊर भरून आला. त्यांनी नातीला सांगितलं, "पाय, पाय, हा आपला तलाव." मग ते वाक्य आलं.

ते संपलं तरी बाबूजी पडद्याकडं बघत राहिले.

"हे काढ."

"खोटं आहे का, बाबूजी?"

"खरं आहे म्हणून तं काढ म्हणतो. खोटं असतं तं राहू देलं असतं, कोणाचं काय जाते!"

पुष्पांजलीच्या मनात बोलायचं खूप होतं. गोंदियाहून येताना बसमध्ये तिनं सगळं जुळवलं होतं: खालटोलीची कुलपं, अलकाचा भाऊ संघदीप हैदराबादेत सळया वाहतो ते, तिच्या वर्गातल्या किती मुली त्या आळीतून पुढं गेल्याच नाहीत ते. पण नियम तिचाच होता. तो परक्या माणसांसाठी पाळायचा आणि बापावर आलं की वकिली करायची, हे तिला जमणार नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्यासमोरच तिनं वाक्य काढलं. त्या जागी काळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली.

बाबूजींनी मोठ्यानं वाचलं. "इथलं बोलणं, बोलणाऱ्याच्या सांगण्यावरून… हे काय लावलं?"

"माझ्या सगळ्या पिक्चरमध्ये असतं."

"लोक इचारतील, काय काढलं म्हणून."

"विचारतील."

"मंग तू काय सांगशील?"

"काहीच नाही. बोलणं तुमचं आहे, सांगायचं तर तुम्ही सांगा."

"पाटी बी काढ."

"ते माझं बोलणं आहे, बाबूजी. ते ठेवायचं की काढायचं, मी ठरवणार."

बाबूजी उठले, पिहूला आजीकडं दिलं, सपरीत एक फेरी मारली. "बापाले शिकवून राहिली! शिकवलं, जंगल-जंगल फिरू देलं, मंग कॅमेरा घेऊन देला. लोक म्हणत होते, देवचंद, पोरगी हाताबाहेर जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या."

"गेली तं," आई दारातून म्हणाली. "चांगलीच गेली. इतके साल रोज जेवता जेवता हेच बोलता, तवा मले कोणी काळी पाटी लावून देली नाही. मलेच आयका लागते."

"तू मधात बोलू नको."

"मी कुठी बोलून राहिली? मी चकल्या करून राहिली."

बाबूजी परत बसले. पाटीकडं बघितलं. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला, जसं काही वाट सापडली.

"राहू दे. काळं झालं का लोक म्हणतील लाइन गेली. आपल्या गावात लाइनीचं काही नवल हाये का?"

*

मंडईच्या दिवशी नाटकाच्या मांडवात बसायला जागा नव्हती. पुढं पाहुणे, मागं गाव, आणि पार कडेला, दोरीजवळ, खालटोलीची माणसं. त्यांना कुणी तिथं बसा म्हटलं नव्हतं. ती नेहमी तिथंच बसायची. पहिल्या रांगेत बाबूजी धुतलेल्या धोतरात, शेजारी समितीचा सचिव भुपेंद्र, त्याच्याही शेजारी बाबूजींचे आमगावचे साडू. पुष्पांजली मागं प्रोजेक्टरपाशी, पिहू तिच्या पाठीशी ओढणीनं बांधलेली आणि गाढ झोपलेली.

तलाव पडद्यावर आला तशी टाळी पडली. आज्याची माती, पाळ, तुडूम, सगळं लोकांनी डोळे भरून बघितलं. खालटोलीची कुलपं आली तेव्हा मांडव जरा शांत झाला. मग पाळीवरचे बाबूजी आले, लेकीचा प्रश्न आला, "खालटोलीला पाणी का पोचत नाही, बाबूजी?" आणि पडदा काळा झाला.

"लाइन गेली!" दोघं-तिघं एकदम ओरडले.

बाबूजींचे ताठलेले खांदे सैल झाले.

"लाइन कुठी गेली? अक्षरं दिसून राहिले नं," रीताताई म्हणाल्या. त्या मायक्रोफोन हातात घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी तो चालू करून सबंध वाचून दाखवलं. "इथलं बोलणं, बोलणाऱ्याच्या सांगण्यावरून काढलं आहे. आता हे काय आहे पुष्पाबाई? थांबवा जरा."

पुष्पांजलीनं थांबवलं. पाटी पडद्यावर तशीच राहिली.

"काय काढलं गा देवचंदभाऊ?"

"मासोळीच्या ठेक्याचं असल!"

"नाही गा, तलावातला गाळ कोणाच्या वावरात गेला, ते असल!"

"अबे, दुसरी बायको असल खालटोलीत!"

मांडव खो खो हसला. शांतीबाईही हसली, आणि त्यामुळं लोक आणखी हसले. साडू मात्र हसले नाहीत. ते बाबूजींकडं वाकून हळूच म्हणाले, पण मांडव तेवढ्यात शांत होत होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं: "मासोळीचं काही हाये का, देवचंद? आपण घरचे लोक हावो, सांगून टाक."

पुष्पांजलीला मागून बाबूजींची फक्त मान दिसत होती. ती मान ताठ होत गेली. तलावाच्या मासोळीवर गावात किती घरं उठली-बसली, पण बाबूजींनी मासेमार ढिवरांच्या ठेक्यातला एक मासा कधी फुकट घरी आणला नव्हता. या एका गोष्टीवर ते आयुष्यभर ताठ चालले होते. एक बटण दाबलं असतं तर पिक्चर पुढं गेला असता, लोक पुढचं बघायला लागले असते. हात बटणावर होता. पाठीवर पिहूचा श्वास चालला होता, ऊन ऊन, मानेवर. तिनं बटण दाबलं नाही.

"मासोळीत हात नाही घातला म्या कधी!" बाबूजी ताडकन उभे राहिले. "आमगाववाले, तुम्ही बी आयका! मासोळी नाही, गाळ नाही!"

"मंग काय काढलं?" कुणीतरी हाक दिली.

"पानी!"

ते मांडवाकडं वळले.

"पोरीनं इचारलं, खाली पानी काऊन पोचत नाही. मी म्हटलं, पोचते. उतार आहे. आम्ही पोचू देत नाही, एक साल देलं तं दुसऱ्या साली हक्क सांगतील म्हणून. हे म्हटलं म्या. हेच काढलं. भेटलं आता? मासोळीचं नाव घेऊन राहिले!"

ते खाली बसले, आणि बसल्यावरच त्यांना कळलं असावं आपण काय केलं ते. कारण ते लगेच परत अर्धे उठले, आणि भुपेंद्रनं त्यांचं धोतर धरून खाली ओढलं. "काकाजी, काय बोलून गेले! साऱ्या पाहुण्यांसमोर!"

दोरीपाशी अलकाचे बाबा, यादोराव, उभे राहिले. सत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, त्यावर निळं उपरणं. ते चालत चालत मधल्या वाटेनं पुढं आले आणि पडद्याच्या उजेडात थांबले.

"देवचंदभाऊ," ते म्हणाले, "उतार आहे हे आम्हाले नाही माहीत? लहानपणी त्याच नहरीत आम्ही कागदाच्या डोंग्या सोडल्या. वरून सोडलेली डोंगी आमच्या बांध्यापर्यंत यायची. पन तुमी म्हणा उतार नाही. साहेब येवो, तं उतार नाही. कोर्टात तं जाता येत नाही नं डोंगी घेऊन." कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. "आता तुम्ही सोता बोलले. समिती बसल नं चार रोजानं? यंदा तुमच्या सपरीत नोका बसू. आमच्या समाजमंदिरात बसा. चहा आमचा."

रीताताईंनी मायक्रोफोनमध्ये घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मीटिंग समाजमंदिरात. सरपंचाची मंजुरी आहे." मग पुष्पांजलीकडं वळल्या. "लावा आता पुढचं. नाटकवाले तोंडाले रंग लावून बसले हेत."

*

तीन दिवस बाबूजी लेकीशी बोलले नाहीत. जेवण मागायचं तरी आईला सांगायचे, "तिले म्हण, भाजी वाढ." पिहूशी मात्र बोलायचे. तिला कडेवर घेऊन कोठ्यात बैल दाखवायचे, दारातली शेवंती दाखवायचे, आणि पुष्पांजली जवळ आली की नातीला सांगायचे, "तुही माय लय हुशार आहे बरं. बापाले भर मंडईत उभं केलं."

गोंदियाहून नवऱ्याचा, मोहितचा, फोन आला, घरी कधी येते म्हणून. मीटिंग झाल्याशिवाय नाही, पुष्पांजली म्हणाली. "तुला आत बसू देतील का?" त्यानं विचारलं. तिला ते ठाऊक नव्हतं. समितीत बाई कधी बसलेली नव्हती आणि ती तर सासरी गेलेली लेक. पण दाराबाहेर बसायला कुणाची मंजुरी लागत नाही. तिनं बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, लेन्स पुसल्या, अलकाला निरोप धाडला.

गावात तोवर काय काय चाललं होतं ते तिच्या कानावर येत होतं. भुपेंद्र घरोघर फिरून सांगत होता की काकाजींचा बीपी वाढला होता, रागात माणूस काहीही बोलतो. दोन सदस्य म्हणाले, समाजमंदिरात येऊ, पण चहा घेणार नाही. मग म्हणाले, चहा घेऊ, पण ठराव होणार नाही.

मीटिंगच्या सकाळी बाबूजी टोपी घालून सपरीत आले. पायऱ्या उतरले, परत वर आले. पुष्पांजली पिहूला भरवत होती. नाचणीची पेज लेकीच्या हनुवटीवरून गळत होती.

"कॅमेरा आणशील का?" ते पिहूकडं बघून म्हणाले.

पुष्पांजलीला वाटलं, ते नातीलाच विचारताहेत. "आणू?" तिनं विचारलं.

"आण. नाही आणला तं हे लोक पलटतील." ते थोडा वेळ उभे राहिले. "मी बी पलटीन. भुपेंद्र एवढा चांगला समजावते. काल राती अर्धा पलटलो होतो. आण."

आई आतून म्हणाली, "पेज तं पुरी होऊ द्या लेकराची."

"तू भरव नं मंग. तिले जाऊ दे."

आईनं वाटी हातात घेतली, आणि पुष्पांजलीनं पदराला हात पुसून बॅग खांद्यावर घेतली. दाराशी तिनं वळून बघितलं. पिहू तोंड उघडून आजीच्या चमच्याची वाट बघत होती, आईकडं तिचं लक्षच नव्हतं. बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

समाजमंदिर स्वच्छ झाडलेलं होतं, दोन्ही भिंतींना धरून सतरंज्या. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींना ताजी फुलं होती. वरच्या गावची माणसं एका बाजूला, खालटोलीची एका बाजूला, मधे चहाची केटली. पुष्पांजलीनं दाराजवळ कॅमेऱ्याची तिपाई उभी केली. कुणी जा म्हटलं नाही, कुणी ये म्हटलं नाही. अलकानं हेडफोन लावला आणि काठी मधोमध धरली, केटलीच्या बरोबर वर.

भुपेंद्रनं सुरुवात केली. तलाव यंदा अर्धाच भरला आहे. पाणी कमी. जुनी पद्धत मोडली तर घोळ होईल. शिवाय, तो म्हणाला, उताराचं तांत्रिक बघावं लागेल, मोजणी करावी लागेल, तोवर यंदा नेहमीसारखंच…

"उतार आहे," बाबूजी म्हणाले.

"काकाजी, मोजणी…"

"माह्या आज्यानं मोजला होता. तुह्या जन्माच्या आधी."

यादोरावांनी बाबूजींसमोर चहाचा कप सरकवला. बाबूजींनी तो उचलला, फुंकर मारली, एक घोट घेतला. मग बाकीच्यांनीही आपापले कप उचलले, न घेणाऱ्या त्या दोघांनीही.

"पानी अर्धं आहे, हे खरं," बाबूजी म्हणाले. "साऱ्यायले होत नाही. म्हणून ज्याच्या वावरात विहीर आहे, बोर आहे, त्यानं यंदा तलावाचं मागायचं नाही. माही बोर आहे, मी मागत नाही. भुपेंद्र, तुही बी आहे. यंदा उन्हाळी धानाचं पानी…"

नेमकं तेव्हाच भुपेंद्रला खोकला आला. साधा नाही, पोटातून उठलेला, तोंडावर रुमाल घेऊन, चांगला लांबलचक. बाबूजींचं वाक्य त्यात वाहून गेलं. दोन-चार जणांनी माना खाली घातल्या. यादोराव बाबूजींच्या ओठांकडं बघत होते.

अलकानं हात वर केला. काठी दुसऱ्या हातात, जराही न हलता.

"काकाजी, नाही आलं. भुपेंद्रभाऊ, खोकून घ्या तुमी पोटभर. पानी पाह्यजे का? झालं? बरं. आता परत बोला, काकाजी. सावकाश."

बाबूजींनी पुष्पांजलीकडं बघितलं. चार दिवसांनी पहिल्यांदा, सरळ तिच्याकडं. कॅमेऱ्यामागून डोळा काढून तिनंही त्यांच्याकडं बघितलं आणि मान हलवली, चालू आहे म्हणून. त्यांनी कप खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि पाळीवर उभं राहून बोलावं तसे, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"यंदा उन्हाळी धानाचं पानी खालून लागल. पह्यले खालटोलीच्या बांध्या. त्या भरल्या का मंग वर. असं मी, देवचंद, म्हणून राहिलो."

"आलं," अलका म्हणाली.